जत्रा गावची, बाई चुलीपुढची

आम्ही माण तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया बोलतोय. आज बोलायचंय जत्रांविषयी. पौष ते चैत्र, म्हणजे थंडी सरत येते तिथपासून ऊन तापेपर्यंत आपल्या मुलखात जिकडे-तिकडे जत्रा असतात. यंदा त्यातल्या काही आम्ही मुद्दाम फिरून पाहिल्या. का पाहिल्या, ते आधी सांगतो.

मागच्या वर्षी मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा यायला वेळ होता. कुणीतरी सहज विचारलं, "आपल्या जत्रेत पालखी देवळातून निघताना किती जणींनी बघितलीय?" आम्ही 19 जणी बसलो होतो. हात वर झाले चार, आणि त्यातल्या तिघी याच गावच्या लेकी, लग्नाआधी पाहिलेली. आमच्या थोरल्या काकू 41 वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आल्या. त्या म्हणाल्या, "पालखी माझ्या दारावरनंच जाती की. पण तवा माझी भाकरी तव्यावर असती."

हसलो सगळ्या. पण मग हिशेब मांडला. जत्रेच्या दिवशी एका घरी 60-70 पाहुणे. दोन-अडीच पायली ज्वारीच्या भाकरी, आदल्या रात्रीपासून वाटलेलं वाटण, मटणाचा रस्सा, उपासवाल्यांचं वेगळं, माळकऱ्यांचं वेगळं, आणि दुसऱ्या दिवशी भांड्यांचा ढीग. जत्रा गावची, पण गावची सून चुलीपुढं. दुसऱ्या गावच्या जत्रेला जाईल तर तिथं ती पाहुणी, म्हणून जेवायला बसेल. आपल्या गावात मात्र तिला फक्त ढोल ऐकू येतो.

जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये आपल्याकडच्या मोठ्या जत्रांच्या नोंदी आहेत. कुठल्या तिथीला भरते, लोक किती येतात, बाजारात काय विकलं जातं, सगळं लिहिलंय. भाकरी थापणारी त्यात कुठंच नाही. म्हणून आम्ही ठरवलं, आपण जाऊ, बघू, विचारू आणि आपणच सांगू.

पहिला प्रश्न असा की जत्रा याच दिवसांत का? त्याचं उत्तर शेतात आहे. खरिपाची बाजरी घरात आलेली असते. हस्ताच्या पावसावर पेरलेली शाळू माघ-फाल्गुनात काढणीला येते. गूळ तयार होतो. हातात थोडा पैसा असतो आणि बैल मोकळे असतात, कारण नांगरट व्हायची असते. पूर्वी नद्यांना पूल नव्हते, पण या दिवसांत पाणी ओसरलेलं, त्यामुळं गाड्या पार होत. पौर्णिमेच्या आसपास जत्रा असली की चांदण्यात रात्रीची वाट चालता येई. देवाचा दिवस आणि शेतकऱ्याची सवड अशी जुळलेली आहे.

आणि जत्रा म्हणजे वर्षाचा बाजार होता. आज तालुक्याला सगळं मिळतं. आमच्या आज्यांच्या वेळी घोंगडी, पाटा-वरवंटा, सुपं, दुरड्या, पितळेचा हंडा, बैलांच्या घुंगरमाळा, सगळी खरेदी जत्रेत. कासाराकडून नव्या बांगड्या भरून घ्यायच्या त्याही तिथंच. बाईला घराबाहेर पडायला कारणं दोनच होती, एक माहेर आणि दुसरा देव. माहेराला सासूची परवानगी लागायची. देवाला नवस बोलला की सासूलाही नाही म्हणता येत नसे. किती नवस खरे आणि किती बाहेर पडण्यासाठी, ते त्या आज्यांनाच माहीत.

जायचं ठरलं तरी खर्च आला. पूर्वी पायी नाहीतर बैलगाडी. 1 जून 1948 ला आपल्या राज्यात एसटी सुरू झाली, पहिली गाडी पुणे ते नगर. पुढं यात्रेच्या जादा गाड्या सुटायला लागल्या आणि आठवड्याची वाट एका दिवसाची झाली. पण तिकिटाचे पैसे पुरुषाच्या खिशात. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्यानंतर पाच दिवसांनी गुढीपाडवा होता. आमच्या भागात त्या चैत्रात एसटीत जेवढ्या बाया दिसल्या तेवढ्या आधी दिसल्या नव्हत्या. काकूंना तर 75 झाल्यावर फुकट प्रवास आहे, त्या म्हणतात अजून नऊ वर्षं थांबायची माझी तयारी नाही.

पहिली वारी मांढरदेवीची. वाई तालुक्यात उंच डोंगरावर काळूबाईचं देऊळ आहे आणि पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. आम्ही पौर्णिमा टाळली आणि आठ दिवसांनी गेलो. त्याला कारण होतं.

25 जानेवारी 2005, मंगळवार, पौष पौर्णिमा. तुमच्यातल्या पुष्कळ जणींना तो दिवस आठवत असेल. वर जायची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या. माणसं घसरली, पडलेल्यांवर मागची पडली. मग दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. 290 हून जास्त जीव गेले. त्यात बायका आणि पोरं फार होती.

आमच्या गटातली एक जण त्या दिवशी तिथं होती. तेव्हा ती 22 वर्षांची. बरोबर नणंद होती, नणंदेला मूल होत नव्हतं म्हणून नवस. दोघी हात धरून चढत होत्या. ही खाली आली, नणंद नाही आली. वीस वर्षं तिनं ना हे कुणाला नीट सांगितलं, ना तिला कुणी विचारलं. घरात एवढंच बोललं गेलं की हिनं हात सोडला. यंदा बैठकीत मांढरदेवीचं नाव निघालं तेव्हा आम्ही गप्प झालो, तीच म्हणाली, मी येते.

एसटीतून उतरल्यावर ती बराच वेळ खालीच बसली. आम्हीही बसलो. मग उठली आणि पुढं चालायला लागली. वाटेत एका जागी थांबली, डाव्या हातानं कठडा धरला आणि म्हणाली, "हात सुटला नव्हता. माझ्या हातात तिच्या बांगड्यांच्या काचा होत्या." पुढं कुणी काही बोललं नाही. देवीला ओटी भरली, नणंदेच्या नावानं एक ओटी वेगळी भरली.

त्या घटनेनंतर सरकारनं न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. आता यात्रेत पशुहत्येवर बंदी असते, झाडांना खिळे ठोकायला आणि वाद्यं वाजवायलाही बंदी असते. या बंद्यांवर कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला त्या बंद्या पटतात. एक गोष्ट मात्र आम्ही आमच्या पातळीवर पाळतो आणि तुम्हीही पाळा: मुख्य दिवशी लहान पोर घेऊन जाऊ नका, प्रत्येकीच्या कमरेच्या पिशवीत नाव-गाव आणि फोन नंबराची चिठ्ठी ठेवा, आणि चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते वर चढायच्या आधी ठरवा. आम्ही एसटी स्टँडची पाण्याची टाकी ठरवली होती.

दुसरी वारी फाल्गुनात, मढीला. मढी अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात. कानिफनाथांची समाधी आहे, गड असावा तसं देऊळ. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते आणि रंगपंचमीला मोठा दिवस. या जागेला भटक्यांची पंढरी म्हणतात. वैदू, कैकाडी, वडार, गोपाळ, डवरी गोसावी, वर्षभर गावोगाव फिरणारी ही माणसं इथं एकत्र येतात. तिथं एक गोष्ट सांगतात की मोगलांच्या कैदेतून शाहूमहाराज सुटावेत म्हणून येसूबाईराणीसाहेबांनी इथं नवस बोलला होता, आणि तो पुरा झाल्यावर देवळाचं मोठं बांधकाम झालं, त्याला या भटक्या जमातींनी हातभार लावला. आता 1689 मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाई आणि लहानगे शाहू दोघंही कैदेत गेले. शाहू 1707 मध्ये सुटले. येसूबाईंना सुटायला 1719 उजाडलं. लेक सुटला आणि आई बारा वर्षं मागं राहिली. नवसाची गोष्ट सांगताना हे कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

मढीला गाढवांचा बाजार भरतो. जेजुरीला पौष पौर्णिमेला भरतो तसाच. आम्ही आधी हसत होतो, मग तासभर तिथंच उभ्या राहिलो. दात बघून भाव ठरतो. दोन दाताचं दुवान, चार दाताचं चौवान. काठेवाडी गाढवाला जास्त मागणी. पण ट्रॅक्टर आणि माती उकरायच्या यंत्रांनी गाढवाचं काम काढून घेतलं, बाजार आटत चाललाय असं तिथले लोक म्हणाले.

पाटे-वरवंटे घेऊन बसलेल्या एका बाईशी आम्ही बोललो. पाट्याला टाकी लावत लावत बोलत होती, हात थांबला नाही. मिक्सर आल्यापासून पाटा कोण घेतंय, म्हणाली, पण नव्या नवरीला रुखवतात देतात म्हणून खपतो. आम्ही विचारलं, तुम्ही जत्रेत देवाला कधी जाता? म्हणाली, "दुकान कोण बघंल? लांबूनच हात जोडते." म्हणजे आमच्यासारखीच. आम्ही भाकरीपाशी, ती दगडापाशी. आम्ही तिच्या दुकानावर तिघी बसलो आणि तिला वर पाठवलं. ती येईस्तोवर एक पाटा आम्ही विकलासुद्धा, शंभर रुपये कमी घेऊन. तिनं बोलून दाखवलं नाही, पण तोंडावर दिसलं.

भटक्यांच्या जत्रेला एक काळी बाजूही आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून पुढं कितीतरी जमातींवर जन्मानंच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला. पोलीस-कचेरीचा भरवसा नसलेल्या माणसांनी आपले तंटे आपणच सोडवायचे, म्हणून जत्रेत जातपंचायती बसायच्या. मढीला अनेक जमातींच्या बसायच्या. पण पंचांमध्ये बाई नाही. लग्न मोडलं, दुसऱ्या जातीत केलं, पंचांचं ऐकलं नाही, तर वाळीत टाकणं, आणि दंड भरता भरता घर बसायचं. आता आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या गटांत भटक्या समाजातल्या बहिणी आहेत, त्यांना हे तोंडपाठ असायला हवं.

जत्रा म्हटलं की तमाशा आलाच. आमच्यातल्या बहुतेकींनी तमाशा पाहिलेला नाही, घरची माणसं मात्र जातात. आधी तमाशात बायकांची कामंही पुरुष करत. पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहिल्या, तिथून बाई फडावर आली. आणि विठाबाई नारायणगावकर तर सगळ्यांना माहीत. 1935 ते 2002 त्यांचा काळ. नऊ महिन्यांच्या पोटुशी असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा आल्या, कनातीमागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढं आल्या, असं सांगतात. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला, आणि शेवटची वर्षं हलाखीत गेली. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगतात. आम्ही बाळंतपणं पाहिलेल्या बाया आहोत, आम्हाला ती ऐकून आधी पोटात कालवलं. त्या रात्री तिला कुणी "आज खेळ नको" का म्हटलं नाही? नारायणगावात अजूनही पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला जातात. आमच्या गावचे पंचही जातात. यंदा आम्ही त्यांना एवढंच सांगितलं, की फड आणाल तर त्यातल्या बायांना आंघोळीला आणि संडासाला जागा कुठली, ते आधी ठरवून ठेवा. ग्रामपंचायतीनं शाळेमागची खोली उघडून दिली.

तिसरी वारी जवळची, आमच्याच तालुक्यातलं शिखर शिंगणापूर. चैत्र शुद्ध पंचमीला शंभू महादेवाला हळद लागते, अष्टमीला लग्न, आणि द्वादशीला कावडी मुंगी घाटानं चढतात. सासवडकडची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन येते. तो घाट म्हणजे नुसता उभा कडा आहे. माणसं हाताला हात देत, साखळी करून, कावड वर ओढतात. खाली उभं राहून बघितलं तरी आपलेच पाय कापतात. महादेवाच्या कळसापासून बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत लांबलचक पागोटं बांधतात, तेही पाहिलं.

इथलं तळं आम्ही मुद्दाम पाहायला गेलो. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी यात्रेकरूंच्या पाण्यासाठी ते बांधलं. माणसारख्या दुष्काळी मुलखात उन्हाळ्याच्या तोंडावर एवढे लोक डोंगरावर येणार, तर पाण्याची सोय आधी, हे चारशे वर्षांपूर्वी कुणालातरी सुचलं. हंडा वाहणाऱ्या बाईला त्याची किंमत कळते. पाणी नासलं की जत्रेत पटकी यायची आणि परतणाऱ्या माणसांबरोबर ती गावोगाव जायची. आमच्या आजेसासवा जत्रेहून आलेल्या माणसाला आधी गावाबाहेर आंघोळ करायला लावायच्या, त्यामागं हीच भीती होती.

प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा केला आणि त्याच्या जोरावर जत्रांना बंदी घातली. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा आपल्या सरकारनं तोच कायदा बाहेर काढला. देशभर टाळेबंदी लागली तो पहिला दिवस, 25 मार्च, नेमका गुढीपाडवा होता. शिंगणापूर बंद, जोतिबा बंद, गावची जत्राही बंद. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच जत्रांमध्ये स्टॉल लावणार होतो. बँकेचं कर्ज काढून 18 हजारांचा माल केला होता, कुरडया, सांडगे, शेवया आणि कांदा-लसूण मसाला. मसाल्याला जाळी धरली. काही माल वाटला, काही शेजारच्या गावांतून उधारीवर दिला, अजून सगळी उधारी आलेली नाही. हप्ते मात्र आम्ही पदरचे घालून फेडले, चौदा महिने लागले. जत्रा बंद झाली की देव तर देवळातच असतो, पण खेळणीवाला, पाळणेवाला, कासारीण, फडातली बाई आणि आमच्यासारख्या यांचं अख्खं वर्ष जातं.

यंदा शिंगणापूरला आम्ही स्टॉल लावला. मसाला सगळा गेला, सांडगे उरले. पुढच्या वर्षी सांडगे कमी करायचे.

आता आमच्या गावच्या जत्रेचं. ती चैत्र वद्यात असते. आम्ही ग्रामसभेत मांडलं, की घरटी वर्गणी काढून देवळापाशी एकच पंगत करा, आचारी लावा. पुरुष म्हणाले पाहुण्याला घरचं जेवण घातलं नाही तर गावाची अब्रू जाते. काही सासवाही तेच म्हणाल्या, आणि त्यांचं बोलणं आम्हाला जास्त लागलं. दोन तास भांडण झालं. शेवटी एवढंच ठरलं: चार ते सहा चूल बंद. पालखी निघायच्या वेळी कुठल्याही घरी तवा नाही, ज्याला भूक लागेल त्यानं सकाळची भाकरी खायची. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. सात-आठ घरांतून धूर निघतच होता, आणि आमच्याच गटाच्या एका सदस्येला घरातून बाहेर पडू दिलं नाही.

पण बाकीच्या आलो. देवळापुढं बायकांची एवढी गर्दी बघून गुरवानं पालखी क्षणभर थांबवली. थोरल्या काकू सगळ्यांत पुढं होत्या, पिठाचे हात तसेच. पालखीपुढं मानाचा घोडा होता, त्याच्याकडं त्या बघतच राहिल्या.

"41 वर्षं ह्याच्या टापा ऐकत आले," म्हणाल्या. "मला वाटायचं पांढरा हाय. ह्यो तर तांबडा निघाला."